काल सोबती, आज साहेब

चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत सुपरवायझर होण्याची वाट साधारण एकच असते. हात चांगला, खाडे कमी, मशिनचा आवाज जरा बदलला की कान टवकारणारा असा एखादा ऑपरेटर असतो. एक दिवस मॅनेजर त्याला केबिनमध्ये बोलावतात आणि सांगतात, "एक तारखेपासून सेकंड शिफ्ट तू सांभाळ." पतसंस्थेत, रुग्णालयात, सॉफ्टवेअर कंपनीत पदाचं नाव वेगळं असेल, निवडीची रीत हीच. स्वतःचं काम उत्तम येतं म्हणून माणसाला माणसांवर नेमलं जातं. दुसऱ्यांकडून काम होईल अशी व्यवस्था लावणं हे निराळं काम आहे आणि ते शिकावं लागतं, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. तुमची नेमणूक नुकतीच अशी झाली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात याला 'संघटनात्मक वर्तन' म्हणतात. नाव जड आहे, पण प्रश्न रोजचा आहे: कामाच्या ठिकाणी माणसं एकेकटी, गटात आणि एका मोठ्या संस्थेचा भाग म्हणून कशी वागतात आणि का? कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये एक सूत्र मांडलं. माणसाचं वर्तन तो माणूस आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती या दोहोंतून घडतं, असा त्याचा आशय. नव्या सुपरवायझरने यातली 'परिस्थिती' घट्ट धरावी, असं माझं ठाम मत आहे. 'तो आहेच कामचुकार' हे म्हणायला कोणाला शिकवावं लागत नाही. त्याच्या मशिनपाशी, त्याच्या शिफ्टमध्ये, त्याच्या गटात काय चाललंय हे बघायची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते. आणि परिस्थिती बदलणं बऱ्याचदा तुमच्या हातात असतं. माणसाचा स्वभाव बदलणं नसतं.

आधी तुमच्या कामाचं स्वरूप नीट समजून घ्या. आंरी फायोल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १९१६ मध्ये व्यवस्थापकाची कामं सांगितली: नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण. पाठ्यपुस्तकं आजही तिथूनच सुरू होतात. ते वाचून असं वाटतं की व्यवस्थापक शांतपणे टेबलाशी बसून आखणी करत असेल. पुढे हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मोठ्या अधिकाऱ्यांच्या कामाच्या दिवसाची प्रत्यक्ष पाहणी केली आणि १९७३ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्या अधिकाऱ्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत आटोपत होती आणि तासाभरापेक्षा जास्त चाललेली कामं जेमतेम दहा टक्के होती. बाकी सगळा दिवस फोन, कोणीतरी दारात उभं, मध्येच बैठक, पुन्हा फोन. म्हणून सुपरवायझर झाल्यावर 'दिवसभर धावपळ झाली आणि काम काहीच झालं नाही' असं वाटू लागलं तर घाबरू नका. ती धावपळ हेच तुमचं काम आहे. फक्त ती कोणाशी आणि कशासाठी होते, एवढं पाहा.

याबाबत फ्रेड लुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात केलेली पाहणी मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी भरभर बढती मिळालेले व्यवस्थापक एका बाजूला ठेवले. ज्यांच्या विभागाचं काम चांगलं होतं आणि ज्यांच्या हाताखालची माणसं समाधानी होती, ते दुसऱ्या बाजूला. हे दोन गट फारसे जुळलेच नाहीत. बढतीवाल्यांचा जवळजवळ निम्मा वेळ, ४८ टक्के, ओळखीपाळखी वाढवण्यात आणि वर संबंध जोडण्यात जात होता. काम चांगलं करवून घेणाऱ्यांचा सर्वांत मोठा वाटा, ४४ टक्के, माहिती देण्याघेण्यात आणि कागदपत्रांत जात होता. त्याखालोखाल २६ टक्के वेळ माणसांत जात होता: शिकवणं, प्रोत्साहन देणं, भांडणं सोडवणं. यापैकी कोण व्हायचं हा निर्णय तुमचा. पण शिफ्टमध्ये पहिल्याच महिन्यात लोक तुमचं पाणी जोखतात, आणि तुम्ही कोणत्या वाटेने निघालात हे त्यांना तुमच्याआधी कळलेलं असतं.

आता परिस्थिती वाचायची म्हणजे नेमकं काय करायचं? एक उदाहरण जवळून पाहू. सीएनसी लेथवर एक ऑपरेटर बुश बनवतो आहे. आठवडाभर त्याच्या मशिनचं रिजेक्शन वाढलंय, बोअर वीस-तीस मायक्रॉन मोठा जातोय. सकाळच्या मीटिंगमध्ये क्वालिटीवाले तुमच्यापुढे आकडे ठेवतात. तुमच्या मनात पहिला विचार येतो: हल्ली याचं लक्ष नाही, फोनवर असतो. ली रॉस यांनी १९७७ मध्ये याच खोडीला नाव दिलं. दुसऱ्याच्या चुकीचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्या अडचणीला कमी लेखतो. आपलं चुकतं तेव्हा मात्र अडचणींची यादी तयार असते.

यावर उपाय म्हणून हॅरल्ड केली यांच्या १९६७ च्या मांडणीतून तीन प्रश्न घ्या. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याजोगे आहेत. पहिला: हेच काम करणाऱ्या इतरांचंही असंच होतंय का? पहिल्या शिफ्टमध्ये त्याच मशिनवर रिजेक्शन तेवढंच असेल, तर माणसाचा विषय जवळजवळ संपलाच. दुसरा: हाच माणूस दुसऱ्या जॉबवर, दुसऱ्या मशिनवर कसा आहे? तिथे त्याचा माल चोख असेल, तर या जॉबमध्येच काहीतरी आहे. तिसरा: हे नेहमीचं आहे की आत्ताचं? दोन वर्षं ज्याचं काम नीट होतं त्याचं गेल्या सोमवारपासूनच बिघडलं असेल, तर गेल्या सोमवारी काय बदललं ते शोधा. कास्टिंगचा नवा लॉट आला? इन्सर्ट दुसऱ्या कंपनीचे आले? कूलंट पातळ झालं? की घरी कोणी आजारी आहे आणि तो रात्रभर जागा असतो?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं माणसाकडेच बोट दाखवत असतील, म्हणजे इतरांचं ठीक आहे, याचं सगळीकडेच बिघडतं आणि कायमच बिघडतं, तर जरूर त्याच्याशी स्पष्ट बोला. तेही एकट्याला बाजूला घेऊन, हातात आकडे घेऊन आणि शिफ्ट सुटायच्या वेळी नव्हे. सुटायच्या वेळी त्याचं अर्धं लक्ष बसकडे असतं. पण त्याआधी मेमो काढू नका. चुकीच्या माणसाला दिलेला एक मेमो सगळी लाइन वर्षभर लक्षात ठेवते.

इथवर एका माणसाबद्दल बोललो. माणूस कारखान्यात एकटा नसतो, आणि नव्या सुपरवायझरचा बहुधा इथेच अंदाज चुकतो. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. लक्ष दिलं की कामगार जास्त काम करतात, एवढाच त्यांचा सारांश सगळीकडे सांगितला जातो. त्या निष्कर्षाचा मोठा आधार असलेल्या खोलीत पाचच स्त्रिया काम करत होत्या, आणि त्यांतल्या दोघी प्रयोग चालू असताना बदलल्या गेल्या. त्यावर एवढा मोठा इमला बांधू नये. माझ्या मते सुपरवायझरने वाचावी ती शेवटची पाहणी, १९३१-३२ मधली.

त्या खोलीत चौदा पुरुष होते: तारा जोडणारे नऊ, झाळकाम करणारे तीन, तपासनीस दोन. टेलिफोन एक्स्चेंजचे भाग तिथे बनत. मोबदला गटाच्या एकूण उत्पादनावर होता, म्हणजे हिशेबाने प्रत्येकाला जास्त काम करण्यात फायदा होता. प्रत्यक्षात दिवसाचे दोन संच पुरे, असं त्यांचं आपसात ठरलेलं होतं. कंपनीचं ठरलेलं प्रमाण त्याहून जास्त होतं. कोणी वेगाने पुढे जाऊ लागला की शेजारचा येऊन त्याच्या दंडावर एक ठोसा मारी. फार कमी करणाऱ्यालाही बोल लागत आणि वर चुगली करणारा तर वाळीतच पडे. एखाद्या दिवशी जास्त काम झालं तर त्यातलं थोडं लपवून दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात दाखवत, म्हणजे रोजचा आकडा सपाट दिसे. तारा जोडणारे आणि झाळणारे नियम मोडून एकमेकांची कामं अदलाबदल करत. तिथला गटप्रमुख हे सगळं जाणून होता आणि डोळेझाक करत होता, कारण त्याला त्याच माणसांबरोबर दिवस काढायचा होता.

ही माणसं आळशी नव्हती. मंदीचे दिवस होते, माणसं कमी होत होती. आज तीन संच केले तर उद्या तीनचाच दर लागेल, मग दर कापतील किंवा दोघांना घरी पाठवतील, हा त्यांचा अंदाज होता. आपल्याकडच्या कुठल्याही लाइनवर जुना कामगार नव्याला पहिल्याच आठवड्यात 'जास्त जोर मारू नकोस, तेच टार्गेट होऊन बसेल' असं सांगतो. तोही अनुभवावरूनच बोलतो.

म्हणून काही गोष्टी करा. सुरुवातीचे महिनाभर तुमच्या विभागातले न लिहिलेले नियम फक्त पाहा. काम वेगाने करणाऱ्याकडे इतर कसे बघतात? नवा प्रश्न आला की माना कोणाकडे वळतात? तो माणूस बहुधा हुद्द्याने मोठा नसतो. जेवणाच्या सुट्टीत कोणाच्या डब्याभोवती माणसं जमतात ते पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. कुठलाही बदल करण्याआधी त्या माणसाचं ऐकून घ्या, आणि त्याला आपला खबऱ्या बनवू नका. तसं केलंत तर त्याचं वजन संपतं आणि तुमचा दुवाही तुटतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, एखाद्या दिवशी उत्पादन चढलं तर दुसऱ्या दिवशी टार्गेट चढवू नका. वरून दबाव आला तर निदान 'तीन महिने आकडा हाच राहील' एवढं वचन वरिष्ठांकडून मिळवा. ते मिळालं तरच लोकांना सांगा, आणि मग पाळा.

गट कामाच्या विरोधात उभा राहतो तसा कामाच्या बाजूनेही उभा राहू शकतो. त्याचा चांगला दाखला आपल्या शेजारच्या अहमदाबादेत आहे. साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले. मापून-मोजून कामाची वाटणी झाली, तरी उत्पादन आणि कापडाचा दर्जा अपेक्षेपेक्षा खालीच राहिला. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. २२४ मागांवर २९ कामगार होते आणि त्यांची कामं बारा प्रकारांत विभागलेली होती. विणकर आठ, बॉबिन भरणारे पाच, तुटलेला ताणा सांधणारे तीन. म्हणजे हिशेब मांडला तर एका विणकराच्या वाट्याला बॉबिन भरणारा पाच-अष्टमांश आणि ताणा सांधणारा तीन-अष्टमांश येत होता! धागा तुटला की विणकराने कोणाला हाक मारायची? आणि तो दुसऱ्याच्या मागावर असेल तर चूक कोणाची? प्रत्येक जण स्वतःचं काम करत होता आणि पूर्ण माग कोणाचाच नव्हता.

काही मागांचा एक संच आणि त्यासाठी लागणारी सगळी कामं एका छोट्या गटाकडे द्यावी, अशी सूचना राइस यांनी मांडली. कामगारांनी ती उचलून धरली आणि कोण कोणाच्या गटात हे आपसातच ठरवलं. सुरुवातीच्या अडखळण्यानंतर कार्यक्षमता ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि खराब कापडाचं प्रमाण ३२ वरून २० टक्क्यांवर आलं. माग तेच होते आणि माणसंही तीच. १९७० मध्ये एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका ठिकाणी गटपद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकलेली होती, इतर ठिकाणी ती बरीच मागे गेली होती. चांगली बसलेली घडीही राखावी लागते, आणि ती राखणं सुपरवायझरचं काम.

तुम्हाला अख्खी लाइन बदलण्याचा अधिकार नसेल. पण लहान प्रमाणात हे जमतं. दोन-तीन मशिन आणि त्यांची सेटिंग, तपासणी, साफसफाई, मालाची ने-आण अशी सलग जबाबदारी तिघाचौघांच्या गटाला द्या. रोज सकाळी त्यांचा आकडा आधी त्यांना दाखवा, मग वर पाठवा. आणि मग मधे मधे हात घालू नका. चांगला ऑपरेटर असलेल्या सुपरवायझरला हे सर्वांत जड जातं. सेटिंग अडलं की त्याचा हात आपोआप पान्याकडे जातो. शिकवायला जरूर जा, पण पाना त्यांच्याच हातात राहू द्या.

प्रेरणेबद्दल थोडक्यात. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमधल्या सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये मांडलं की पगार, धोरणं, कामाची जागा नीट नसली तर असंतोष वाढतो. पण उत्साह येतो तो यश, दखल, जबाबदारी आणि मुळात कामातूनच. या मांडणीवर आक्षेप आहेत. माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईटाचं खापर कंपनीवर फोडतो, मुलाखतीत हेच उतरलं असेल, हा त्यांतला मोठा. तरी सुपरवायझरला एक गोष्ट यातून नक्की घेता येते. पगार तुमच्या हातात नाही, दखल आहे. 'छान काम' असं मोघम म्हणू नका. 'काल तू कास्टिंगमधला चीर गेलेला नग वेळेत बाजूला काढलास, त्यामुळे पुढचा लॉट वाचला' असं नेमकं सांगा.

पगाराच्या विषयात मात्र एक अवघड जागा आहे आणि ती टाळून चालणार नाही. आपल्या बहुतेक कारखान्यांत एकाच लाइनवर परमनंट, कॉन्ट्रॅक्टवाला, ट्रेनी आणि अप्रेंटिस शेजारी शेजारी उभे असतात. काम सारखं, पगारात मोठी तफावत. जे. स्टेसी ॲडम्स यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की माणूस आपल्याला किती मिळतं एवढंच पाहत नाही. आपण घातलेले कष्ट आणि मिळालेला मोबदला यांचा मेळ तो शेजाऱ्याच्या मेळाशी लावून पाहतो. तो मेळ बसला नाही की तो कष्ट कमी करतो, नाहीतर नोकरी सोडतो. बिहार, ओडिशा किंवा मराठवाड्यातून आलेला मुलगा सहा महिन्यांत निघून गेला, तर तो 'टिकत नाही' असं म्हणण्याआधी हा हिशेब त्याच्या जागी उभं राहून करा. तफावत तुम्ही मिटवू शकत नाही. पण लॉकर, चहा, सुरक्षेचे बूट, हातमोजे, शिफ्टच्या फळ्यावर नाव, 'ए कॉन्ट्रॅक्ट' ऐवजी नावाने हाक, अवघड काम शिकण्याची पाळी, या गोष्टींत भेद ठेवायचा की नाही हे तुमच्याच हातात आहे. तिथे भेद ठेवणं अन्याय आहे, इतक्या स्वच्छपणे मी हे म्हणेन.

आता चुकांचं. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या वॉर्डांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला आणि तो १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. चांगलं नेतृत्व आणि चांगले संबंध असलेल्या वॉर्डांत चुका कमी असतील, असा अंदाज होता. आकडे उलटे आले. तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. कारण शोधल्यावर कळलं की तिथल्या परिचारिका चूक झाली की सांगत होत्या, इतर ठिकाणी ती झाकली जात होती. तुमच्या शिफ्टचा रिपोर्ट महिनाभर निर्मळ येत असेल तर खूश होण्याआधी पाहा, शेवटची चूक तुम्हाला कोणी आपणहून येऊन सांगितली ती कधी? आणि त्या वेळी तुमच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य काय होतं? 'कोणी केलं?' असेल तर ते बदला. 'माल कुठवर गेलाय?' हे विचारा. अडवायचा तो माल अडवा, कारण नंतर शोधा.

कालच्या सोबत्यांशी कसं वागायचं, हा प्रश्न नवे सुपरवायझर सर्वांत आधी विचारतात. 'अरे-तुरे' सोडायची गरज नाही, एकदम 'तुम्ही' म्हणायला लागलात तर लोक दुरावतील. एकत्र चहा प्या. पण सुट्टी, ओव्हरटाइम आणि मशिनवाटप यांचा निर्णय चहाच्या टपरीवर घेऊ नका. त्याचा एक साधा तक्ता करून सगळ्यांना दिसेल असा लावा, कोणाचा ओव्हरटाइम किती झाला हे ज्याला त्याला वाचता येऊ द्या. जिवलग मित्राचा अर्ज नाकारण्याची वेळ पहिल्या महिन्यातच येईल. तेव्हा त्याला आधी एकट्याला भेटून कारण सांगा. तुमच्यापेक्षा वयाने मोठा, जुना हात असेल तर आणखी सांभाळा. त्याला डावलून तुम्हाला नेमलंय हे त्याला टोचत असणार. त्याला नव्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी चारचौघांत द्या.

शेवटी, ज्या अडचणीचं मूळ तुमच्या विभागाबाहेर आहे ती वर पोहोचवणं. तीन प्रश्नांची उत्तरं कास्टिंगच्या लॉटकडे किंवा बोथट इन्सर्टकडे बोट दाखवत असतील, तर 'माझी माणसं चांगली आहेत, साहेब' एवढ्याने काही होत नाही. एक पान लिहा. कोणत्या तारखेपासून, कोणत्या लॉटवर, दोन्ही शिफ्टमध्ये मिळून किती नग गेले, त्याच माणसांनी दुसऱ्या जॉबवर किती चोख काढले, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय: आधीचे इन्सर्ट परत, की येणाऱ्या लॉटची आधी तपासणी. ते पान पाठवण्याआधी त्या ऑपरेटरला वाचून दाखवा, तुमच्या नजरेतून काही सुटलं असेल तर तो सांगेल. उत्तर काय आलं हेही त्याला सांगा, नकार आला असला तरी.